उंडीचं तेल मुरतं कधी

छापखान्याच्या मालकांनी होळीपर्यंतची मुदत दिली, तेव्हा कुठे मी हललो. दोन वर्षं उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता, आणि छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्याला हाताशिवाय कोण पोसणार? वैद्य झाले, डॉक्टर झाले. शेवटी एका रत्नागिरीकराने सांगितलं, गणपतीपुळ्याच्या अलीकडे एक खारवीण म्हातारी अंग चोळते, तिच्याकडे जा.

तुम्हाला जायचं असेल तर मुंबईहून आगबोट धरा आणि पोट हलकं ठेवा. रत्नागिरीला बोट किनाऱ्याला लागत नाही; भर पाण्यात पडावात, म्हणजे लहान होडीत, उतरावं लागतं. दोन वर्षांपूर्वी तिथेच उतरताना माझी बायको यमुना बुडाली. मी यावेळी डोळे मिटून उतरलो. पुढे बैलगाडी, मधे खाडी ओलांडायला तरीची होडी, मग पुन्हा गाडी. वाटेत पेज आणि भाजलेला सुका बांगडा मिळतो, तो सोडू नका.

म्हातारी पैसे घेत नाही, नारळ न्यावा. भर दुपारी तिने उंडीचं कडू तेल कोमट केलं. होडीला चोपडतात तेच हे. ही विद्या आली कुठून, असं मी विचारलं.

"बुडालेली मानसं किनाऱ्याला आनीत," ती म्हणाली. "माजी सासू त्यांना चोळी, ऊब येईस्तोवर. मग इचारी, कसा गेलास? बोलला तो ऱ्हायला. गप बसला तो परत गेला."

मी हसलो. ती हसली नाही.

दुखणं कसं लागलं ते सांगितल्याशिवाय ती दाब देत नाही. मी नेहमीचंच सांगितलं: यमुनेला धरून होतो, लाटेनं ओढली, हात तेव्हा उखडला.

तेल मुरेना. दंडावरून तसंच गार होऊन ओघळत राहिलं. म्हातारीचा अंगठा मनगटापाशी थांबला.

"हितं बाईमानसाची बोटं हायत. ती अजून धरून हाय रे बाबा. सोडलान कोनी?"

बाहेर लख्ख ऊन, आणि माझ्या अंगावर काटा. "मी," म्हणालो. "मीही पडलो असतो. म्हणून हात झटकला." हे मी तोवर कुणापाशी बोललो नव्हतो.

तेल बघता बघता मुरलं. तिसऱ्या दिवशी हात डोक्यावर गेला. चोळल्याने रक्त खेळतं, सांधा सुटतो, असं वैद्यही म्हणतात. तुम्ही हवं तर तेवढंच माना.

घरी आलो, कामावर रुजू झालो. सासूबाई हात बघायला आल्या. दोन्ही हातांत धरून म्हणाल्या, "याच हातानं माझ्या पोरीला शेवटपर्यंत धरलंत."

मला गप्प राहवेना. सगळं सांगितलं. माझं बोलणं संपलं तरी त्यांनी हात सोडला नाही. मनगटापाशी त्यांची पकड हळूहळू आवळत गेली.