शेपूट आल्याशिवाय हलायचं नाही

मी पत्रकं लिहिते. धरणात गेलेल्या जमिनींसाठी, बंद पडलेल्या एसटीच्या फेऱ्यांसाठी, वाडीवरच्या नळाला पाणी यावं म्हणून. पत्रकात वाक्य तोडून लिहावं लागतं आणि हळवं काही चालत नाही. शोरूमविरुद्ध लिहिलेलं माझं एकच पत्रक वाटायचं राहिलं. ते का राहिलं, ते पत्रकात मावणार नाही, म्हणून इथं लिहिते.

आमचा भोरचा मोटरसायकलींचा क्लब तसा साधाच. दूधवाले, एक पीटीचे सर, मेडिकलवाला, मी, आणि आमच्या आळीतल्या काकू. काकू वेल्ह्याकडच्या एका वाडीवर अंगणवाडी चालवतात आणि रोज मोटरसायकलवर जातात. गाडी काकांची. कंपनी कधीच बंद झालेली, टाकीचा रंग मांडीनं घासून पांढरा पडलेला. मी गाडी शिकले ती याच गाडीवर, नदीकाठच्या मैदानात, मागं काकू पळत.

क्लबात एक रीत आहे. फाटा आला की पुढून दुसरा असलेला माणूस तिथं उतरून उभा राहतो आणि मागच्यांना वाट दाखवतो. सगळ्यांत शेवटी जो येतो त्याला आम्ही शेपूट म्हणतो. शेपूट आल्याशिवाय उभ्या माणसानं हलायचं नाही. ऊन असो, पाऊस असो, शेजारी भजी तळत असोत. शेपटाकडं हवेचा पंप, पंक्चरचं सामान, दोरी, क्लचची वायर. कुणी मागं राहिलं तर त्याच्याबरोबर शेपूट थांबतं. पूर्वी काका शेपूट होते. त्यांचा मणका गेला, ते दाराशी बाजेवर आले, आणि शेपूट काकूंकडं आलं. राइडवरून परतल्यावर काका एवढंच विचारतात, "समदी आली का?" काकू म्हणतात, "आली." मग ते आत जाऊन चहा टाकतात. या एका प्रश्नावर त्या माणसाचा रविवार उभा होता, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

मग आम्हाला शोरूम मिळालं, आमच्या बहुतेक गाड्या ज्या कंपनीच्या तिचंच. हायवेला, सारोळ्याच्या अलीकडं. तिथल्या शेठनी क्लबाला जाकिटं दिली, बैठकीला जागा दिली, शनिवारी गाड्या फुकट धुऊन द्यायला लागले. आमची माणसं हरखली. मी तेव्हाच म्हणाले, "फुकट काही नसतंय." सर म्हणाले, "तुला चहातसुद्धा कारस्थान दिसतं." काकू मात्र शेठच्या बाजूनं. "शोरूमात बायकांना संडास हाय. आजवर कुठल्या बैठकीच्या जागी होता, सांग की."

गेल्या वर्षी पाऊस सरला, भात निसवून लोंब्या दिसायला लागल्या आणि ग्रुपवर निरोप आला. यापुढं राइडला फक्त आपल्या कंपनीच्या गाड्या. पुण्याहून कंपनीचा माणूस येऊन सांगून गेला म्हणे. इतर गाड्यांच्या सदस्यांचे मनःपूर्वक आभार, आणि खाली हात जोडल्याचं चित्र. इतर गाडी क्लबात एकच होती.

मी तडक सरांच्या घरी गेले. "तुम्ही गप्प बसलात?"

"अगं, जाकिटं परत द्यायची का आता?"

"द्यायची! काकूंनी तुमच्या मुलाला ताम्हिणीत पावसात ढकलत आणलाय. तेव्हा कुठली कंपनी होती?"

शेपटीला शोरूमचा टेम्पो ठेवू, मेकॅनिकपण असतो त्यात, सर म्हणाले. मी घरी आले आणि पत्रक लिहिलं. 'आमचा रविवार विकत घेणाऱ्यांनो' अशी सुरुवात. रविवारची राइड राजगडाखालच्या गुंजवण्याला होती; तिथं सगळ्यांचा फोटो काढतात, त्या वेळी वाटायचं ठरवलं. माझी गाडी जुनी असली तरी कंपनीचीच, त्यामुळं मला अडवणार कोण?

काकूंना वाचून दाखवलं. त्या तांदूळ निवडत होत्या. "लई ओरडतंय गं हे," म्हणाल्या. बाजेवरून काका म्हणाले, "टेम्पोला काय कळतंय मागं राहणं?" दाराशी पंपाची पिशवी टांगलेली होती. काकांनी ती काढून मांडीवर घेतली, फडक्यानं पुसली आणि परत टांगली.

रविवारी शोरूमसमोरून निघालो. या खेपेला शेठही आले होते. नवी कोरी गाडी, नवं जाकीट, हेल्मेटचा पट्टा लावायला सरांची मदत. मान म्हणून सरांनी त्यांना आपल्या पाठीमागं दुसरं ठेवलं. नसरापूरहून सगळे एकत्रच वेल्ह्याच्या रस्त्याला लागलो, मार्गासनीला गुंजवण्याचा फाटा आला, आणि रीतीप्रमाणं दुसरा माणूस उतरला. म्हणजे शेठ. सरांनी बजावलं, "शेपूट आल्याशिवाय हलायचं नाही, शेठ." शेठनी हात वर केला.

आम्ही गुंजवण्याला पोचलो. राजगडाखाली टेम्पो आधीच उभा, पोह्यांचा वास सुटलेला. मी ड्रायव्हरला विचारलं, "तुम्ही शेपटीला होता ना?"

"पोहे शेपटीला आणू व्हय? गार गोटा झाले असते. मी पहाटंच आलो."

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. मेडिकलवाला हळूच म्हणाला, "मग शेठला सोडवणार कोण?" फोन लावायला रेंज नाही. सरांचा चेहरा पोह्यांसारखा पिवळा झाला. मी गाडी वळवली. खोटं कशाला सांगू, जाताना मला आनंद झाला होता.

फाट्यावर लांबूनच दिसलं. शेठ रस्त्याच्या कडेला ताठ उभे, घामानं निथळलेले, हेल्मेटसुद्धा काढलेलं नाही. आणि समोरच्या दगडावर काकू. शेजारी त्यांची ती पांढऱ्या टाकीची गाडी, हँडलला पंपाची पिशवी.

"तुम्ही कशा इथं?" मी विचारलं.

"माहेरला चाललेय. माझं माहेर हिकडंच न्हाई का?" मग आवाज उतरवून, "ह्यांनी काढलं भायेर. म्हणले, लांबनं जा, पर मागनं जा. कुणाचं पंक्चर झालं तर?"

शेठ म्हणाले, "काकू मघापासून म्हणतायत, चला. पण सरांनी सांगितलंय, शेपूट आल्याशिवाय हलायचं नाही. शेपूट येईना."

"शेपूट तुमीच काढलं की, शेठ," काकू म्हणाल्या. रागानं नाही, पोराला बटण चुकीचं लागलंय हे सांगावं तसं.

शेठनी आता कुठं हेल्मेट काढलं. माझ्याकडं वळले. "माझ्याविरुद्ध काही छापलंयस म्हणे?"

"छापलंय."

"दे."

उन्हात उभं राहून त्यांनी पत्रक शेवटपर्यंत वाचलं. "जाकिटाच्या रंगाला कळकट निळा म्हटलंयस. रंग कंपनीनं ठरवलाय गं, मलाही आवडत नाही." घडी करून खिशात ठेवलं. मग काकूंना म्हणाले, "कंपनीचा माणूस फोटो बघतो, काकू. फोटोत दुसरी गाडी दिसली की माझ्यावर येतं. मी तरी काय करू?"

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं, चांगलं तासलेलं. पण काकू आधी बोलल्या.

"मला कुठं फोटोत यायचंय, शेठ? मला मागं यायचंय."

एक एसटी धूळ उडवत गेली. मग शेठ म्हणाले, "रस्ता बघायला कुणी येत नाही पुण्याहून." आणि गाडीवर बसले. बसून चालू करेनात. मला कळेना कशाची वाट बघतायत. काकूंना कळलं. त्यांनी किक मारली, हॉर्न दिला, आणि रीतीप्रमाणं शेपटानं म्हणायचं ते म्हणाल्या, "झाली समदी. चला." तेव्हा शेठ हलले.

हा काही विजय नाही. नियम ग्रुपवर अजून तसाच आहे, हात जोडलेल्या चित्रासकट. फोटोच्या वेळी काकू टेम्पोपलीकडं पोहे खात बसतात आणि मला दर खेपेला संताप येतो. त्यावर मी लिहिणार आहे, आणि ते वाटणारही आहे. पण त्या दिवशीचा गठ्ठा मी पिशवीतून काढला नाही.

संध्याकाळी आळीत शिरलो तेव्हा काका दाराशी बाजेवर होते. गाडीचा आवाज ओळखून उठून बसलेले. काकूंनी पंपाची पिशवी खुंटीला टांगली.

"समदी आली का?"

"आली," काकू म्हणाल्या. पदरानं तोंड पुसलं. "शेठ बी आला."

काका भिंतीला धरून उठले आणि चहा टाकायला आत गेले.