वाम माशाचा तुकडा
“पप्पांनी जन्मभर पाळलेला नियम जपानी सुशीच्या एका घासासाठी मोडला,” असे माझा मुलगा लंडनमधल्या आमच्या ईलिंगच्या घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगतो, आणि काल गोडसर सॉसमध्ये भाजलेल्या माशाचा वास येताच त्याने ते पुन्हा सांगितले. हे साफ खोटे आहे. आम्ही मुंबईचे बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. बिनखवल्यांचा मासा आमच्यात निषिद्ध. माझी पत्नी बाजारात माशावरून उलटे बोट फिरवून खवले तपासल्याशिवाय पिशवी उघडत नसे. पण स्कॉटलंडच्या एका दूरच्या बेटावरील जपानी उपाहारगृहात आम्ही गेलो, त्या वर्षी तिचे विसरणे वाढले होते, आणि आपण काही विसरलो असे कळले की ती दिवसभर थरथरत असे. वाऱ्याने खिडक्या वाजत होत्या. वाढणारी बाई प्रत्येकाच्या ताटात भातावर रचलेला वाम माशाचा तुकडा ठेवून गेली. वामेला खवले नाहीत म्हणून मी हात आखडला. पत्नीने मात्र तुकडा उचलला. चारचौघांत टोकले असते, तर आपण नियमच विसरलो हे तिला कळले असते. “तो मला दे,” म्हणत मी तो तिच्या हातून घेतला आणि गिळला. “काय पप्पा, खवले काढून खाल्लेत वाटतं?” मुलगा म्हणाला. “पहिल्यापासून हावरट आहात तुम्ही,” असे म्हणून तीही हसली. ती हयात असेतो मी गप्प राहिलो. आता एवढेच नोंदवतो: वाढणाऱ्या बाईने माझ्या वाट्याचा तुकडा तसाच, न शिवलेला, परत नेला.