पाइप उन्हात उघडणार नाही

मंडळी, सायबर कॅफेतून लिहितेय. डोकं अजून तापलेलंच आहे.

दुपारी बदलापूर गावाजवळ नदीच्या दरडीत लोखंडी पाइप ठोकून जुनी वाळू काढली आणि दोन्ही तोंडं बंद केली. तेवढ्यात हवालदार हजर. "मॅडम, आत काय लपवलंय? उघडा!"

"नाही उघडणार. वाळूत ऊन बोटभरही शिरत नाही. म्हणून तर आतल्या कणांनी शेवटचं ऊन कधी पाहिलं ते मोजता येतं. आता उजेड लागला की सगळं पुसलं जाईल."

"मग चौकीत चला."

"चला. पण उघडेन ते फोटो स्टुडिओच्या डार्करूममध्येच, लाल दिव्यात."

शेवटी स्टुडिओतच उघडला. हवालदारांनी चिमूटभर वाळू हातावर घेतली. "किती जुनी असेल हो?"

"तेच शोधतेय. तुम्ही उत्तरच पुसायला निघाला होतात."

उद्या पडताळणीसाठी त्याच दरडीत दुसरा पाइप ठोकणार आहे. अडवायला कोण येतंय?