तिकिटामागची बाकी

माझं शुद्धलेखन चुकतं, अक्षरही वेडंवाकडं आहे, त्याची आधीच माफी मागते. चौथीनंतर पाटी सुटली ती सुटलीच.

दवाखान्यात लेकीला बघायला बसने निघाले होते. जवळ पाचशेची एकच नोट. कंडक्टरने बाकीचे पैसे तिकिटामागे लिहून दिले. "सुटे झाले की देतो, मावशी," म्हणाला आणि गर्दीत पुढे गेला. उतरून टॅक्सी करायची होती. पैसे राहिले तर त्या अनोळखी रस्त्यावर मी काय करणार होते?

शेजारची बाई आपलं तिकीट सारखं उलटून बघत होती. तिच्याही तिकिटामागे आकडा होता. वाटलं, एवढ्या मोठ्या शहरात किती माणसं असा कागद मुठीत धरून गप्प बसत असतील! गावात मी ओढ्यापलीकडच्या म्हशीला हाक मारते. इथे कंडक्टरला हाक मारायची हिंमत होईना.

"तुमचेही राहिलेत? मारा की हाक," ती कुजबुजली. "मला भीती वाटते."

"मग मला काय वाटत नाही होय?"

माझा थांबा आला. माणसं उतरू लागली. मी उठले आणि म्हशीला मारते तशीच हाक मारली, "ओ मास्तर, आमच्या दोघींचे पैसे!"

सगळी बस वळून बघू लागली. "अहो मावशी, मी काय पळून चाललोय?" कंडक्टर हसला. आधी तिचे, मग माझे, रुपयान् रुपया त्याने हातावर ठेवला.