निरोधाचा ताईत

कोरपन्याच्या रस्त्यावर सिमेंट कारखान्यांच्या भुकटीमुळे झाडं, टपऱ्या, कुत्री सगळंच पांढुरकं होऊन बसलंय. थंडीत ऊन कललं की ती भुकटी हवेत तरंगत राहते आणि माल भरायला नंबर लावून उभे असलेले ट्रक झोपेत असल्यासारखे दिसतात. त्या पांढरेपणातून हिरव्या साडीतली उर्वशी मौसी येताना दिसली, की ड्रायव्हर विड्या विझवून सावरून बसतात.

उर्वशी तृतीयपंथी. जन्म आलापल्लीकडचा. घरच्यांनी हाकललं तेव्हा ती सागाची मोठाली पानं अंथरून झोपायची, आणि जंगल रात्रभर आपल्याशी बोलतंय असं तिला वाटायचं. पुढे लोकांना तिच्या हाताचा गुण येऊ लागला म्हणे. तिनं डोक्यावर हात ठेवला की गाडी पलटत नाही, अडलेलं काम होतं. ज्यांनी तिला दारात उभं केलं नव्हतं, तेच मान झुकवू लागले. या एका हातावर तिचं पोट आणि इज्जत दोन्ही चालत होतं.

एचआयव्ही रोखण्याचं काम करणाऱ्या संस्थेनं तिला गाठलं ते म्हणूनच. ड्रायव्हर डॉक्टरचं ऐकत नाहीत, मौसीचं ऐकतील. आणि ऐकायचे की! डोक्यावर हात, हातात निरोधाची पाकिटं, "सांभाळून राय बाप्पा," की झालं काम. पुढचं कुणी विचारायचं नाही. मौसीपुढे असला विषय काढायला जीभ कुणाची धजणार?

एके दिवशी जिशाननं तिला चहाला आपल्या ट्रकच्या कॅबिनमध्ये बोलावलं. हा तिचा लाडका ड्रायव्हर. लवकरच मदीहाशी त्याचा निकाह व्हायचा होता. उर्वशी वर चढली आणि पाहतच राहिली. आरशाखाली, लिंबूमिरचीच्या शेजारी, तिनं दिलेली पाकिटं दोऱ्यात ओवून टांगली होती. एकही फोडलेलं नव्हतं.

"हे काय रे?"

"तुमच्या दुआचे हायेत ना, मौसी," जिशान लाजत म्हणाला. "हे गाडीत हायेत म्हून मले काई होत नाई. रस्त्यात कोणापाशी गेलो तरी बेफिकीर राह्यतो."

उर्वशीच्या हातातला चहा साडीवर सांडला. तिनं त्याला तसंच दंडाला धरून संस्थेच्या रक्ततपासणीच्या गाडीत नेलं. संस्थेच्या नर्सताई आत सुई टोचत होत्या तेव्हा ती बाहेर उभी राहून मदीहाचा विचार करत होती. त्या पोरीला तिनं कधी पाहिलंही नव्हतं.

सुदैवानं काही निघालं नाही. जिशान नाचतच उतरला. "मौसीची दुआ!" तो ओरडला. बघता बघता ड्रायव्हर जमले. आमालेही ओवून द्या, हात लावून द्या, म्हणत त्यांनी हात पुढे केले. उन्हात भुकटी सोन्यासारखी उडत होती आणि इतके सगळे जण तिच्यासमोर वाकले होते. नुसतं हसली असती, तरी जन्मभराची सोय होती.

"माह्या हातात काई नाई," उर्वशी म्हणाली. "दुआनं हे बिमारी थांबत नाई. माह्या दोन मैतरणी याच बिमारीनं गेल्या. दोघीच्या डोक्यावर मी रोज हात ठेवत होती."

पुढे आलेले हात खाली गेले. मग एकेक जण आपापल्या गाडीकडे निघून गेला. जाताना कुणी वाकलं नाही. जिशाननं तर तिच्याकडे पाहिलंही नाही.

ती ढाब्याच्या बाजेवर बसली. आपला हात तिला परक्यासारखा वाटत होता. रडू काही केल्या थांबेना. इज्जत जाते तेव्हा आवाज होत नाही हे तिला ठाऊक होतं, तरी फार लागलं.

बऱ्याच वेळानं बाज करकरली. जिशान शेजारी येऊन बसला होता. आजवर तिच्या बरोबरीनं कुणी ड्रायव्हर बसला नव्हता. त्यानं आरशाखालून तोडून आणलेला पाकिटांचा दोरा दोघांच्या मधे ठेवला. कान लाल झालेले, नजर जमिनीवर.

"मंग सांग," तो घसा खाकरून म्हणाला, "हे वापरतेत कसं?"

उर्वशीनं पदरानं डोळे पुसले आणि एक पाकीट फोडलं.

"अंगठा पुढं कर."