तिरक्या अक्षरातली आई

छापखान्यात तिला सगळे काटकोन म्हणत. तोंडावर म्हणत आणि पाठीमागेही म्हणत, तिला त्याचं काही वाटत नसे. भिंतीवरचं कॅलेंडर केसभर कललेलं दिसलं की ती हातातलं काम टाकून उठायची. मालकांची खुर्ची टेबलाशी नीट लागलेली नसली, तर मालक खुर्चीत बसलेले असताना बाईंचं लक्ष खुर्चीकडेच. अशा बाईच्या वाट्याला आयुष्यभर तिरकी अक्षरं यावीत, याला काय म्हणावं?

छापखाना म्हणजे जिन्याखालची एक लांबट खोली. मागच्या बाजूला खिडकी आणि खिडकीशी काटकोनचं टेबल. लिहिणारा लिहून द्यायचा, काटकोन पानं मांडायची, पुढच्या भागातलं यंत्र छापायचं. कोणतं अक्षर उभं राहील आणि कोणतं कलेल हे तिच्या हातात, आणि त्या बाबतीत ती कुणाच्या बापाचं ऐकत नाही अशी तिची ख्याती. शेवटी गाठ पडली ती तिच्या स्वतःच्याच बापाशी.

पण ते पुढे. तिरक्या अक्षराबद्दल तिचं म्हणणं एवढंच, की ते मीठ आहे, बेताने घाला. पुस्तकाचं नाव, जहाजाचं नाव, परक्या भाषेतला शब्द, मनातल्या मनात बोललेलं वाक्य, नाहीतर ज्या शब्दावर बोट ठेवायचं तो शब्द. बस. पण गिऱ्हाईक ऐकतंय कुठे? एका दातांच्या डॉक्टरांनी अख्खं कार्ड तिरकं मागितलं. म्हणे, त्यात गती दिसते. काटकोन म्हणाली, "दात काढणारा घाईत आहे असं दिसलं तर येईल का कोणी तुमच्याकडे?" डॉक्टर जरा वेळ गालावर हात ठेवून बसले आणि सरळ अक्षरांचं कार्ड घेऊन गेले.

तिचा खरा राग संगणकावर. तो काय करतो, उभ्या अक्षराला एका बाजूने ढकलतो आणि म्हणतो, घ्या, झालं तिरकं. खरं तिरकं अक्षर मुळातच वेगळं काढलेलं असतं. भरभर लिहिताना हात जसा वळतो, त्या वळणाचं. ढकललेलं अक्षर तिला दहा हात लांबून ओळखू यायचं. मालकांना दोन्ही सारखीच दिसत, पण ते शहाणे होते, मान डोलवून मोकळे होत.

मात्र एक गोष्ट कबूल केली पाहिजे. ती सल्ला देईल, हुज्जत घालेल, तोंड वाकडं करील, पण लिहिणाऱ्याने शेवटी जे सांगितलं तेच छापायची. इतक्या वर्षांत तिने कधी ध चा मा केलेला नव्हता. त्यावर तिची सगळी इभ्रत उभी होती.

तिचे वडील घड्याळजी. दुकान केव्हाच बंद झालेलं, पण गल्लीत त्यांना अजून घड्याळजीच म्हणत. बायको फार वर्षांपूर्वी घर सोडून गेलेली. लेकीने लग्न केलं नाही, तेव्हा एका छपराखाली बापलेक दोघंच. पंच्याहत्तरावा वाढदिवस जवळ आला तसं घड्याळजींनी मनात घेतलं, की आपलं आयुष्य लिहून काढायचं आणि त्या दिवशी नातेवाइकांच्या आणि जुन्या गिऱ्हाइकांच्या हातात एकेक पुस्तक ठेवायचं. मांडणी अर्थात लेकीने करायची. घरचीच गाय, तिला काय विचारायचं?

"एक नियम पाळायचा," त्यांनी पहिली पानं देताना सांगितलं. "जे हयात नाहीत त्यांचं बोलणं तिरकं. जे आहेत त्यांचं सरळ. प्रस्तावनेत तसं लिहिलंय. ज्याच्याखाली रेघ मारलीय ते तिरकं करायचं."

काटकोनला हे फार आवडलं. एरवी तिरक्या अक्षराचा बाजार मांडणारी माणसं भेटायची. इथे प्रत्येक कललेल्या अक्षराला कारण होतं. आजीचं बोलणं तिरकं झालं. वडिलांना धंदा शिकवणाऱ्या उस्तादांचं झालं. आत्या, म्हणजे घड्याळजींची बहीण, ठणठणीत होती आणि जन्मजात बडबडी, त्यामुळे ती पानंच्या पानं सरळ अक्षरांत बोलत सुटली. मालक कच्ची पानं चाळत म्हणाले, "तुमची आत्या काही आवरत नाही. कागद वाढवावा लागणार." काटकोन त्या दिवशी जेवायच्या सुट्टीतही हसत काम करत होती.

आणि मग आईचं प्रकरण आलं.

आईच्या प्रत्येक वाक्याखाली घड्याळजींनी रेघ मारलेली होती. पट्टी लावून मारलेली, एकही सुटलेली नाही.

आता गोष्ट अशी, की आई जिवंत होती. बसने दोन तासांवरच्या गावात एका लॉन्ड्रीच्या वरच्या खोलीत राहत होती आणि खाली इस्त्रीचं काम करत होती. काटकोन महिन्याच्या पहिल्या रविवारी तिला भेटायला जायची आणि घरी सांगायची, मैत्रिणीकडे जाते. हे तिने कुणालाही सांगितलेलं नव्हतं. घड्याळजींना कळलं तर ते ओरडणार नव्हते, भांडणार नव्हते. ते बोलायचे बंद होणार होते. त्यांचं न बोलणं काय असतं हे तिने लहानपणी बघितलं होतं. घरात वीस घड्याळांची टिकटिक आणि माणसं चिडीचूप. मारहाण नाही, दारू नाही, दुसरी बाई नाही. त्या गप्प बसण्यापायीच आई एक दिवस पिशवी उचलून निघून गेली होती.

संध्याकाळी तिने तो कागद वडिलांपुढे ठेवला. ते डोळ्याला भिंग लावून शेजारणीचं मनगटी घड्याळ बघत होते.

"बाबा, ही रेघ चुकून आलीय का?"

"चुकून कशी येईल?"

"नियम तर हयात नसलेल्यांचा आहे."

"नियम माझाच आहे ना?" ते म्हणाले. "माझ्या लेखी ती नाही. तिरकंच कर."

ती जिवंत आहे, एवढं बोलायला काय हरकत होती? पण तुला कसं माहीत, हा पुढचा प्रश्न ठरलेला. काटकोनने तो कागद उचलला. तिला रडू येत होतं, आणि स्वतःचा रागही येत होता. उद्या सगळ्या गोतावळ्यात ते पुस्तक फिरणार, घड्याळजींची बायको वारली म्हणून आत्यापासून सगळे हळहळणार, आणि ते छापलेलं कुणी? पोटच्या पोरीने. छापलं नाही तर हात दाखवून अवलक्षण. आणि रेघ असताना सरळ छापलं तर आजवरच्या कामावर पाणी.

पहिल्या रविवारी काटकोन ती पानं घेऊन आईकडे गेली. नुसतं आईचं प्रकरण नव्हे, सगळंच बाड नेलं. सांगून टाकायचं ठरवूनच गेली होती, त्यामुळे दारातच सांगून टाकलं. आई एका शर्टाची कॉलर इस्त्री करत होती. तिने कॉलर पुरी केली.

"म्हणजे मारलं का मला? बरं. वाच तरी, मी काय काय बोलतेय."

काटकोनने वाचलं. "तुम्ही दमला असाल, जरा बसा." "हे घर तुमच्यामुळे उभं आहे." आणि घर सोडतानाचं शेवटचं, "मी कुठेही असले तरी तुमचं चांगलंच चिंतीन."

आई इतकी हसली की तिला इस्त्री बाजूला ठेवावी लागली.

"अगं, यातलं एक अक्षरही मी बोलले नाही. निघताना मी म्हटलं, दूध तापवून ठेवलंय. बस, एवढंच. ते त्यांना ऐकू तरी आलं का, देव जाणे." मग तिने डोळे पुसले. "मेलेल्या माणसाच्या तोंडी काहीही घालता येतं. उलटून कोण बोलणार? राहू दे तिरकं. ही बाई मी नाहीच, तिच्यासाठी कशाला भांडतेस?"

"तुला वाईट नाही वाटत?"

"वाटतं की. पण आयुष्यभर गप्प बसलेल्या माणसाने माझ्याशी एवढं बोलून घेतलंय, मी मेल्यावर का होईना." तिने पुढचा शर्ट उचलला. "ते जाऊ दे. तू काय बोलतेस त्यात?"

काटकोनने पानं उलटली. मागची, मग पुढची. आत्या बोलत होती, शेजारी बोलत होता, एकदाच दुकानात आलेला एक ट्रकवाला तब्बल अर्धं पान बोलत होता. ती कुठेच नव्हती. मुलगी झाली, मुलगी शाळेत गेली, मुलगी नोकरीला लागली, असं होतं. पण मुलगी तोंड उघडून एक शब्द बोललेली नव्हती, ना सरळ ना तिरका. आणि प्रत्येक स्वल्पविराम स्वतःच्या हाताने बसवूनसुद्धा तिला हे दिसलं नव्हतं.

"काहीच नाही," ती म्हणाली.

आईने तो शर्ट दोनदा इस्त्री केला.

घरी आल्यावर काटकोन चप्पल न काढताच वडिलांपुढे उभी राहिली.

"बाबा, तुमच्या पुस्तकात मी एकदाही बोलत नाही."

घड्याळजी गोंधळले. खरंच गोंधळले, त्यात नाटक नव्हतं. "तू? तू तर इथेच असतेस. तुझं काय लिहायचं?" मग बराच वेळ त्यांनी टेबलावरचा चिमटा इकडचा तिकडे केला. "घाल मग एक वाक्य. तुला हवं ते. मला सुचायचं नाही."

दुसऱ्या दिवशी ती छापखान्यात लवकर गेली. आईचं सगळं बोलणं तिने तिरकं केलं, सांगितल्याबरहुकूम, आणि ढकललेलं नव्हे तर खरं तिरकं अक्षर वापरलं. कोणत्याही कामाला तिने इतकी मेहनत घेतली नव्हती. मग पान संपता संपता, आईच्या त्या शेवटच्या गोडगोड वाक्याखाली, तिने एक ओळ घातली. ती ओळ सरळ होती, कारण बोलणारी हयात होती. चहूकडे तिरकं असलं की सरळ अक्षरावरच पहिली नजर जाते, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

"आई जिवंत आहे, मी दर महिन्याला तिला भेटते," मुलगी म्हणाली.

संध्याकाळी तिने ते पान वडिलांच्या हातात दिलं आणि समोर बसून राहिली. आता हे बोलायचे बंद होणार, आणि मग मरेपर्यंत बंद, एवढंच तिच्या डोक्यात होतं. घड्याळजींनी भिंग लावलं. ते वरून सावकाश वाचत खाली आले. शेवटच्या ओळीवर थांबले.

मग त्यांनी भिंग काढलं.

"हे बरोबर नाही," ते म्हणाले. "दर महिन्याला नाही. मागच्या हिवाळ्यात तुला ताप होता, तेव्हा तू गेली नव्हतीस. ती बिचारी दिवसभर वाट बघत बसली असेल."

काटकोनने पेन घेतलं आणि "दर"च्या आधी "बहुतेक" लिहिलं.