रुसलेल्या बॅटऱ्या

बॅटरीवर तो बोटाच्या पेरांनी टकटक करायचा, मग कान लावायचा. डोळे मिटून थोडा वेळ ऐकायचा आणि म्हणायचा, "अक्का, मेली नाही. रुसली आहे."

मी चौथी शिकलेली. कोरमंगलात त्याच्या समोरच्या घरात ब्लाउज शिवायची. मशीन खिडकीत आणि समोर त्याचे अंगण, त्यामुळे मी पाहत नव्हते असे म्हणणार नाही. तो एका कारखान्यातून निवृत्त झालेला मिस्त्री. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, तरी मला अक्का म्हणे. मी त्याला अण्णा. तुमच्याही गल्लीत असा एक असेल. घरातला पंखा महिनाभर बंद आणि हा अंगणात विमान बांधतोय.

विमान नव्हते, जुनी मोटार होती. पुढचे पेट्रोलचे इंजिन तसेच ठेवून त्याने मागे कारखान्यातल्या, मोडीत निघालेल्या एका ट्रॉलीची विजेची मोटर बसवली. मागची अर्धी सीट काढून तिथे बारा बॅटऱ्यांची जागा केली.

"दोन्हीवर चालणार, अक्का. दोन बैलांची गाडी."

बॅटऱ्या लॉरीवाल्यांनी टाकून दिलेल्या. एकेक धुवायची, जुने ॲसिड काढून नवे भरायचे, मग दोन दोन दिवस अगदी हळू चार्ज करायची. काचेच्या नळीने आतले पाणी ओढून बघायचा आणि भिंतीवर खडूने लिहायचा: 'हसली', 'अजून रुसली'. वहिनी, म्हणजे त्याची बायको, रोज भिंत पुसायची. तो रोज पुन्हा लिहायचा.

वहिनीचा भाऊ आनेकलला राहायचा. एकदा तो आला, मोटारीभोवती फिरला आणि म्हणाला, "भावोजी, दसऱ्याला याच गाडीतून या. ढकलत आणलीत तरी चालेल." हसला, जेवला, गेला.

वहिनीला ते लागले. भांडी आपटत तिने जाहीर केले, "दसऱ्याला जायचं. आनेकलच्या वेशीपासून भावाच्या दारापर्यंत इंजिन बंद. नाही जमलं, तर दुसऱ्या दिवशी भंगारवाला बोलावते."

"सरी, ठीक आहे," अण्णा म्हणाला आणि चहा तसाच टाकून अंगणात गेला. तीन वर्षांचे काम होते त्याचे.

आदल्या दिवशी आयुधपूजा. आमच्याकडे त्या दिवशी सायकलीपासून सुईपर्यंत सगळ्याला हळदकुंकू लागते. मी माझ्या मशीनची पूजा केली आणि उरलेल्या हळदकुंकवाचे तबक घेऊन त्याच्या अंगणात गेले. तो आंघोळीला गेला होता. बाराही बॅटऱ्या चार्जिंगला लावलेल्या, बुचे काढलेली, आत बुडबुडे येत होते. उघडे तोंड दिसले की मला कलश दिसतो. पहिल्या बॅटरीच्या सहाही तोंडांत मी हळद, कुंकू आणि वर पळीपळी तीर्थ घातले. दुसरीकडे वळले तेवढ्यात तो पंच्यावरच धावत आला.

"अक्का! स्वल्प थांबा!"

मी थांबले. त्याने आत वाकून पाहिले. मला वाटले, आता शिव्या घालणार. मी ऐकायच्या तयारीने उभी राहिले.

"अक्का," तो म्हणाला, "पूजा बाहेरून करतात."

मग तो हसत सुटला. पंचा धरून हसत होता. वहिनी आली, तिने पाहिले, तीही हसून खाली बसली. मी नाही हसले. चूक माझी होती आणि आता अकराच बॅटऱ्या उरल्या होत्या.

दसऱ्याला निघालो. मला सोबत यायलाच लावले, शिक्षा म्हणून. अकरा बॅटऱ्यांशेजारी मी बसले, मांडीवर लाडवांचा डबा. वेशीपाशी त्याने इंजिन बंद केले आणि एक कळ दाबली.

आवाजच नाही! गाडी चालली होती आणि आवाज नाही. रस्त्यातली म्हैस हलेना, कारण तिला कळेच ना. वहिनीने खिडकीतून हात बाहेर काढून तिच्या पाठीवर थाप मारली तेव्हा हलली. आम्ही तिघेही ओरडत होतो, का ते विचारू नका. देवळाचा चढ आला, तोही चढली. भावाचे दार दिसले. ओट्यावर तो आमच्याकडे पाठ करून पेपर वाचत होता.

आणि दारापासून तीस पावलांवर गाडी थांबली.

अण्णाने कळ पुन्हा दाबली. काही नाही. त्याने दोन्ही हात मांडीवर ठेवले. बाराव्या बॅटरीचे नाव कोणी काढले नाही.

वहिनीने दार उघडले, उतरली, पदर खोचला.

"अक्का, उतरा. मागून लावा हात."

"अगं, अट..." अण्णा म्हणाला.

"अट माझी होती. इंजिन बंद आहे ना? ढकलायचं नाही असं मी कुठे म्हटलं?"

ढकलली. भावाने वळून पाहिले तेव्हा गाडी त्याच्या ओट्याला टेकली होती आणि त्याची बहीण मागे घामाघूम होऊन म्हणत होती, "मेली नाही रे. रुसली आहे."

भंगारवाल्याला कोणी बोलावले नाही.

माझी ती बॅटरी अण्णाने सात वेळा धुतली. शेवटी तिच्यावर माझ्या मशीनजवळ एक छोटा दिवा आणि चार्जर जोडून दिला. करंट गेला तरी माझी शिलाई थांबत नसे. अण्णा गेला त्यानंतरही दोन वर्षे तो दिवा लागत होता. मग लागेनासा झाला.

मी वस्तू कवटाळून बसणारी बाई नाही. भंगारवाला आला तेव्हा बॅटरी देऊन टाकली. फक्त उचलू देण्याआधी टकटक केले आणि कान लावला.

तो म्हणाला, "अज्जी, काय ऐकताय?"

"स्वल्प थांब," मी म्हटले.